जहाजावरचा दुसरा पलंग

नाही, तिथे नको, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, इथे बसा पंख्याखाली — आणि ती पर्स मांडीवर कशाला धरलीत, ठेवा की बाजूला, इथे कोणी घेत नाही, मी एकटीच असते. तर काय सांगत होते, हां, फोटो. तेजस्विनीने, म्हणजे त्या टूरवाल्यांच्या ऑफिसातल्या मुलीने, तुमचा फोटो पाठवला मोबाइलवर, त्यात तुम्ही जरा कडक दिसता. प्रत्यक्षात नाही दिसत. माझाही तिने तुम्हाला पाठवला असणार, आधारकार्डावरचा, त्यात मी येरवड्याहून नुकतीच सुटून आल्यासारखी दिसते — तो बघूनसुद्धा तुम्ही आलात म्हणजे धीराच्या आहात. कशाने आलात? मेट्रोने? खराडीहून रिक्षाने रामवाडी आणि तिथून डेक्कन. बरं केलंत. नारायण पेठेत गाडी आणली की ती लावायला पुन्हा खराडीलाच जावं लागतं.

घ्या, पोहे घ्या. हसताय काय, मुद्दामच केलेत. मी तेजस्विनीला म्हटलं, अगं, तू दोन अनोळखी बायका एका खोलीत कोंडणार, चांगल्या तीन आठवड्यांसाठी, आणि आमची गाठ घालून देणार थेट विमानतळावर? आमच्या वेळी लग्न ठरवतानासुद्धा पोह्यांची बशी संपेपर्यंत तरी वेळ द्यायचे, आणि तिथे निदान नवरा दिवसा ऑफिसला जायचा. इथे चारी बाजूंना समुद्र, रुसून माहेरी जाते म्हणायची सोय नाही. तर म्हटलं, आधी घरी पाठव, मी बघते. म्हणजे आपण एकमेकींना बघू. लिंबू आहे बघा त्या वाटीत. तुमच्याकडे अकोल्याला पोह्यांवर तर्री घालतात ना, तसलं काही इथे मिळणार नाही. साखर घातलीय मी चिमूटभर, ती जाणवली तरी बोलू नका.

मग, कल्याणीताई — ताईच म्हणते, चालेल ना, वानखडेबाई म्हटलं की शाळेतल्या स्टाफरूममध्ये बसल्यासारखं वाटतं — मला चार गोष्टी विचारायच्यात, राग मानू नका. घोरता का? थोडंसं. थोडंसं म्हणजे सगळे थोडंसंच म्हणतात, असो. घोरलात तरी माझी काही तक्रार नाही, उलट — असो. एसी किती लागतो? बाथरूमला सकाळी किती वेळ? मोबाइलवर ते सुप्रभातचे फुलांचे फोटो येतात, ते आवाजासकट उघडता का? नाही ना? झालं, निम्मी परीक्षा पास. अंडी, मासे वगैरे खात असाल तर खुशाल खा, मला वास चालतो, मी नाही खात पण मला कोणी खाल्लेलं चालतं. आणि तसंही टूरवाले आपला आचारी घेऊन जातात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, जिथून पुढे फक्त बर्फ आणि पेंग्विन, तिथे आपली माणसं खिडकीशी बसून पिठलं-भात खाणार आणि म्हणणार, मीठ कमी आहे. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवतात म्हणे रोज. बरं, ठेवा — पण मग अंग कशाने पुसायचं? हंस मोडायला माझा हात उठायचा नाही आणि ओल्या अंगाने मी जेवायला जायची नाही.

तुम्ही फारशा बोलत नाही वाटतं. उत्तम. माझं उलट आहे, तेवढं एव्हाना लक्षात आलं असेल.

सुनेने नाव घातलं तुमचं? मुलाने. आणि तुम्ही नको म्हणालात नाही? शहाण्या आहात. आमच्या केयूरने तर मला दहा वेळा विचारलं — तो बाणेरला असतो, मुलगा माझा, सून सलोनी, दोघंही चांगली आहेत, रविवारी येतात, डबा आणतात, डबा धुऊन परत नेतात — तर तो म्हणतो, आई, युरोप कर, सिंगापूर कर, तू थेट पृथ्वीच्या पाठीमागे कशाला निघालीस? मी म्हटलं, तुला काय माहीत तिथे माझं काय आहे. माझं काय आहे सांगू? बंदरं आहेत. अहो, मी भूगोल शिकवायचे मुलींच्या शाळेत, सबंध नोकरी त्यात गेली. दक्षिण अमेरिका नववीला असायची. फळ्यावर खडूने खंड काढायचे मी, न बघता, पाठ फिरवून मुलींशी बोलत बोलत, आणि खालचं टोक असं झटक्यात वळवायचे की मागच्या बाकावरच्यासुद्धा बघत राहायच्या. आणि मग बंदरं भरायची. ब्यूनोस आयरेस, मॉन्टेव्हिडिओ, खाली पुंता अरेनास, आणि मग डाव्या अंगाने वर चढत व्हालपराइसो. दरवर्षी पाच-सहा मुली व्हालपराइसो उचलून उजवीकडे अर्जेंटिनात नेऊन ठेवायच्या. अख्खा अँडीज ओलांडून. मी अर्धा गुण कापायचे. एकीची आई भांडायला आली होती, की ठिपका थोडा इकडे-तिकडे झाला म्हणून काय एवढं — मी म्हटलं, बाई, मधे पर्वत आहे हो. तिला पटलं नाही.

आणि स्वतः मी काय बघितलं होतं? गणपतीपुळे. झालंच तर एकदा दिवेआगर, तेही शाळेच्या सहलीबरोबर, तिथे समुद्र बघायचा नसतो, मुली मोजायच्या असतात. तर आपलं जहाज अगदी तस्सं जातं, मी फळ्यावर बोट फिरवायचे तसं. ब्यूनोस आयरेसला चढायचं, खाली खाली जायचं, केप हॉर्नला वळसा आणि वर व्हालपराइसोला उतरायचं. ते बघितलं की मला नोकरीतून सुटले असं वाटेल. तेजस्विनी मला समजावते, मॅडम, स्वेटर घ्या पण हलका, तिथे जानेवारीत उन्हाळा असतो. मला सांगते. मी म्हटलं, हो का, बरं झालं सांगितलंस.

नाही, तुम्ही विचारताय ते बरोबर आहे, एकटीची केबिन मिळते. केयूर तेच म्हणत होता, आई, भर की जास्तीचे आणि एकटी राहा ऐसपैस. प्रश्न तो नाहीये. म्हणजे कसंय — दोन पलंगांची खोली, एकावर आपण आणि दुसऱ्यावर आपलीच पिशवी. रोज सकाळी उठून त्या पिशवीकडे बघायचं. समजा खिडकीबाहेर हिमनदी आली, तर कोणाला म्हणायचं, अहो, बघा बघा? पिशवीला? जहाजावर इतर बारा-पंधरा जोडपी आहेत आपल्या ग्रुपमध्ये, त्यांना सांगितलं तर ती म्हणणार हो आम्ही बघितली, फोटोपण काढला. तर माणूस पाहिजे खोलीत. बोलणारा नसला तरी चालेल, ऐकणारा — म्हणजे, असलेला.

आणखी घ्या ना. घ्या हो, उरले तर मलाच रात्री खायला लागतात.

तुमच्या आधी तिघी येऊन गेल्या. लपवत नाही मी. पहिल्या होत्या त्या पहाटे उठून मोठ्याने स्तोत्रं म्हणणाऱ्या, आणि वर म्हणाल्या, तुम्हालाही पुण्य लागेल. मी म्हटलं, मला झोप लागली तर जास्त बरं. दुसऱ्या बाई एक लहानसा कुकर घेऊन निघाल्या होत्या जहाजावर, खोलीत खिचडी लावायला. अहो, जहाजात आग लागली तर उड्या मारायच्या कुठे, अटलांटिकमध्ये? त्यांना मीच नाही म्हटलं. आणि तिसऱ्या, कोथरूडच्या, त्या मात्र चांगल्या होत्या. बँकेत होत्या, वाचनाची आवड, कमी बोलायच्या, अगदी तुमच्यासारख्या. तर त्यांना मी म्हटलं, एक रात्र राहायला याच माझ्याकडे. रंगीत तालीम. आल्या बिचाऱ्या, गाऊन घेऊन आल्या, आम्ही मस्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली, गप्पा मारल्या, झोपलो. आणि सकाळी त्यांनाही मी — म्हणजे, नाही जमलं आमचं. सकाळी चहासुद्धा न घेता गेल्या आणि दुपारी तेजस्विनीचा फोन आला की मॅडम, त्या नको म्हणतायत, तुम्ही त्यांना रात्रभर उठवत होतात. रात्रभर नाही हो. अधूनमधून. हे तेजस्विनीने तुम्हाला सांगितलंच असेल.

नाही सांगितलं?

मग मी कशाला बोलले. बघा, हे असं होतं माझं. ती मुलगी गुणाची आहे, झाकून ठेवलंन तिने, आणि मीच इथे ताटात वाढून देतेय.

आता निघालंच आहे तर ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी आहे. मला रात्री जाग येते. जाग सगळ्यांनाच येते या वयात, पण मला जाग आली आणि खोलीत दुसरं माणूस असलं, की ते — आहे ना, ते बघावं लागतं. अंधारात नुसतं बघून कळत नाही. म्हणून मी हाक मारते. फार मोठ्याने नाही, अहो, जाग्या आहात का, एवढंच. समोरून हूं आलं की माझं काम झालं, मी झोपते. पण त्या बाई हूं म्हणेनात, त्या झटकन उठून बसायच्या आणि विचारायच्या काय झालं, काय झालं, आणि दिवा लावायच्या. मग काय, दोघींची झोप मोडायची. एकटी असले की मला काही होत नाही, अगदी गाढ झोपते मी. हाक मारायला कोणी नसलं की प्रश्नच मिटला. म्हणून केयूरला वाटतं आई आता ठीक आहे.

कशामुळे म्हणजे — ह्यांच्यामुळे. ह्यांचा तो फोटो, टीव्हीच्या वर लावलेला, हो, रंगनाथ खांबेटे. ऑडिट करायचे सरकारी, त्यामुळे बोलणं जपून. आणि त्यातही त्यांचा एक नियम होता, सकाळी चहा पोटात गेल्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. उठायचे नाहीत आणि बोलायचे नाहीत. लग्न झालं त्या दुसऱ्या दिवशी मी घाबरले होते, म्हटलं माझं काही चुकलं का, तर सासूबाई म्हणाल्या, अगं, तो असाच, तू आपलं बोलत राहा. तर मी आपली बोलत राहिले. दूध किती आलं, कोणाचा फोन आला, आज नळाला पाणी कमी आहे, सगळं सगळं मी त्यांच्या पाठीला सांगायचे. ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आणि आमचं ठरलेलं होतं की एखादी गोष्ट विचारली आणि ते गप्प बसले तर ती त्यांना चालतेय असं धरायचं. नको असेल तर मात्र चहाआधीसुद्धा नाही म्हणायचे. एवढा एकच शब्द. केयूरचं नाव तसंच ठरलं, हा फ्लॅट तसाच घेतला आम्ही. मी विचारलं, ते गप्प बसले, घेतला.

तर गेल्याच्या आदल्या वर्षी — नाही, गेल्याच वर्षी की हो, मला वाटतं कितीतरी दिवस झाले — एका रविवारी पेपरात पानभर जाहिरात आली. हीच टूर. मी चहा केला, त्यांच्या उशाशी ठेवला, वर बशी झाकली, आणि शेजारी बसून त्यांना सगळी जाहिरात वाचून दाखवली. ब्यूनोस आयरेसपासून. मग माझी टिप्पणी — की बघा, फॉकलंडला पण जातंय, की तिकडून मॅगेलन कसा गेला असेल, की मी मुलींना अमुक सांगायचे. चहा गार झाला. मी म्हटलं, काय हो, रविवार आहे म्हणून किती लोळायचं, आणि जाऊन दुसरा करून आणला. पुन्हा वाचलं. मग म्हटलं, आता आपलं वय बघता गेलो तर आत्ताच, नाहीतर नाही, मी विचारते हं, सरळ विचारते, जायचं का? ते गप्प. मी म्हटलं, बघा हं, मग नंतर म्हणाल. ते गप्प. मला इतका आनंद झाला. खरं सांगते, मला वाटलेलं, नाही म्हणणार. समुद्र लागायचा त्यांना, ऑफिसच्या सहलीला घारापुरीच्या बोटीत उलट्या केल्या होत्या. आणि तो माणूस माझ्यासाठी गप्प बसला. मी तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून टूरवाल्यांना फोन लावला, रविवारी चालू असतं त्यांचं. हीच तेजस्विनी होती फोनवर. मी दोघांची नावं सांगितली, दोघांची जन्मतारीख सांगितली. ती म्हणाली, सरांचा पासपोर्ट कधीपर्यंत आहे? मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, अहो, पासपोर्ट कधीपर्यंत आहे हो तुमचा. आणि पाय हलवला त्यांचा, पांघरुणातून बाहेर आला होता तो. हातात धरून हलवला.

गार होता पाय.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच कधीतरी. झोपेत. त्रास झाला नाही, सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. असेल. पण मी तासभर बोलत होते हो. चहा दोनदा केला. आणि ती पोरगी फोनवर, हॅलो मॅडम, हॅलो मॅडम, फोन चालूच राहिला माझा, तिने सगळं ऐकलं. तेव्हापासून ती माझ्या मागे आहे. नावं काढून टाकते म्हणाली, मीच नको म्हटलं. टूर या वर्षावर ढकलून दिली तिने, दोन्ही जागा धरून ठेवल्या, आणि दुसरी जागा भरायला माणसं शोधत बसते माझ्यासाठी. ती आता तुमची जागा. म्हणजे तुम्हाला पसंत असेल तर.

हे केयूरला माहीत नाही. दोनदा चहा केलेलं. त्याला एवढंच माहीत आहे की मला सकाळी कळलं. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे, पोह्यांमुळे असेल. किंवा तुम्ही मधे बोलत नाही त्यामुळे. आता बघा, मला वाटतं, त्यांनी होकार दिला होता. तसंच धरलंय मी. पण रात्री जाग आली की तेच मनात येतं, की एखादं माणूस गप्प आहे म्हणजे काय, हे मला कळत नाही, मला ते वाचता येत नाही. म्हणून हाक. तर ही माझी एकच अट आहे, बाकी तुम्ही खिडकीकडचा पलंग घ्या, बाथरूमला आधी जा, वाटेल तेवढा एसी लावा. रात्री मी अहो म्हटलं की तुम्ही हूं म्हणायचं. उठायचं नाही, दिवा लावायचा नाही, कुशीवरसुद्धा वळू नका. फक्त हूं. एवढं जमेल?

बोला ना काहीतरी.

काय? कानाला? बघू. अगबाई, दोन्ही कानांत आहे की मशीन. केसांमुळे दिसलंच नाही मला, आणि केवढंसं आहे, हल्ली काय काय निघतं. तरीच तुम्ही माझ्या तोंडाकडे एवढ्या बघत होतात, मला वाटलं माझ्या ओठाला कोथिंबीर लागलीय. झोपताना काढून ठेवता? आणि काढल्यावर? काहीच नाही? म्हणजे अजिबात? गणपतीतले ढोलसुद्धा नाहीत? मग मी हाक मारली तर — हं. नाही येणार ऐकू.

मग नाही जमायचं, कल्याणीताई. सरळच सांगते, उगाच विचार करून कळवते वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्यात काही खोट नाही, देवाशप्पथ, चौघींत तुम्हीच मला बऱ्या वाटलात. पण मी हाक मारत राहणार आणि तुम्ही गप्प राहणार, तेही रोज, तेही आजूबाजूला नुसतं पाणी असताना — मला नाही सहन व्हायचं ते. मी पहिल्याच रात्री कप्तानाला उठवेन. राग मानू नका. डबा देते थोड्या पोह्यांचा, नातवंडांना न्या. तेजस्विनीला मी सांगते काहीतरी, तुमचं नाव नाही घेणार. जागा भरायची तिची शेवटची तारीख जवळ आलीय, आता चौथीनंतर पाचवी कुठून आणणार ती. नाही तर नाही. फळ्यावर काढलंय इतक्यांदा, ते काय कमी झालं.

काय म्हणालात?

पाय बाहेर ठेवून झोपता. पांघरुणाबाहेर, रोजच, थंडीतसुद्धा. बरं. मग? मी — हात लावायचा. पायाला. तुमच्या सासूबाईंना तुम्ही रात्री असंच बघत होतात. किती वर्षं? आणि पाय गरम लागला की परत येऊन झोपायचं. हाक नाही, दिवा नाही. पण तुम्हाला जाग येईल की हो. येते, पण लगेच परत झोप लागते. आणि कितीदा? कितीदाही?

थांबा जरा. बोलू नका काही.

नाही, मला काही झालेलं नाही, तुम्ही बसा. मला बरं वाटलं एवढंच. फार बरं वाटलं. वर्षभर सगळे मला सांगतायत, ध्यान करा, गोळी घ्या, दुधात जायफळ घाला, आणि केयूर तर म्हणतो काउन्सेलरकडे जाऊ. हात लावून बघ असं कोणी म्हटलं नव्हतं. ते पलंग दोन असतात, मधे एक लहानसं टेबल असतं, चित्रात बघितलं मी — ते टेबल काढून घ्यायला सांगू त्यांना. म्हणजे मला उठून चालत यायला नको, जहाज हलतं. आणि मोजे घालून झोपायचं नाही हं. केप हॉर्नलासुद्धा नाही.

चला, या आता. नाही, बशी राहू दे, मी घासते. माझी दुपारची झोपायची वेळ टळून गेली तुमच्यापायी. तेजस्विनीला तुम्ही कळवा, मी नाही कळवणार, मला लगेच हो म्हणायला आवडत नाही. जिना जपून उतरा, खालच्या पायऱ्यांवर कोणाच्या तरी कुंड्या असतात, आणि गल्लीतून डावीकडे वळा, उजवीकडे गेलात तर नदीवर जाल. आणि हो, खराडीला पोचलात की एक फोन करा. मी दुपारी फोन उचलत नाही, कोणाचाच उचलत नाही, झोपलेली असते. तरी करा. नाही उचलला तर पुन्हा करा. आणि पुन्हाही नाही उचलला, तर समोरच्या अवनीकडे माझ्या दाराची किल्ली असते. तिचा नंबर घेऊन ठेवा. नाही, नंतर नको, काढा तुमचा फोन, आत्ता घ्या.